बारा माणसांचं घर, एक पोतं चुना आणि आमच्या आर्किटेक्ट मॅडम

घर पाहायला येणारा प्रत्येक जण विचारून राहिला की नकाशा कोणाकडून काढला, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. मॅडमचं नाव इथे टाकत नाही, त्यांचं ऑफिस दोन माणसांचं आहे आणि वर्षाला मोजकीच घरं घेतात, जाहीर नाव नको असं त्यांनीच सांगितलंय. ओळखीतल्या कोणाला हवं असेल तर मी नंबर देते. माझ्याकडून ५ पैकी ४. तो एक कुठे कापला तेही सांगते.

आधी आमच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आम्ही बारा माणसं. आजी (माझ्या आजेसासूबाई, वय ८४, वॉकर घेऊन चालतात), आई-बाबा, काका-काकू, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी आणि माझी जाऊ, आणि तीन पोरं. नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर चार खोल्यांचं, एक संडास, एक न्हाणी. बेसा साइडला २०१६ मध्ये प्लॉट घेऊन ठेवला होता, ४० बाय ६०, पूर्वेला रस्ता. पैसे जमता जमता २०२३ उजाडलं आणि मग सगळे नकाशाच्या मागे लागले.

मॅडमकडे जायच्या आधी आमचे दोन प्रयत्न वाया गेले, तेही सांगणं गरजेचं आहे कारण बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. पहिला प्रयत्न म्हणजे एका वेबसाइटवरून विकत घेतलेला तयार नकाशा, "४० बाय ६० ईस्ट फेसिंग फाइव्ह बीएचके", सोबत थ्रीडी चित्रं, रात्रीचे लाइट लागलेले, दारात मोठी गाडी उभी, सगळे खूश झाले. मग मी टेप घेऊन बसले आणि आमच्याकडे आहे तोच पलंग आणि तीच दोन कपाटं कागदावर मापात काढून पाहिली तर दोन बेडरूममध्ये कपाट ठेवलं की पलंगाच्या एका बाजूने उतरताच येत नव्हतं. हॉल दोन मजले उंच, दिसायला सुंदर, पण मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा एवढ्या उंच हॉलला कुठला कूलर पुरणार. आणि पाचही संडास बेडरूमच्या आत. म्हणजे पाहुणा आला की कोणाच्या तरी बेडरूममधून जाणार. दुसरा प्रयत्न एका ठेकेदाराने फुकट काढून दिलेला नकाशा, त्यात प्रत्येक खोली १० बाय १०, कारण त्यांना सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) सोपं पडतं. आजीची खोली मागच्या टोकाला, जिथून घरात कोण आलं कोण गेलं काहीच कळणार नाही. बाबा हो म्हणून टाकत होते, मी आणि काकूंनी थांबवलं.

मॅडमकडे पहिल्या दिवशी गेलो तर त्यांनी किती खोल्या पाहिजेत हे विचारलंच नाही. बारा माणसांची नावं, वयं लिहून घेतली आणि प्रत्येकाच्या नावाचा एक कागद दिला, म्हणाल्या आठवडाभर भरा, किती वाजता उठता, आंघोळ कधी, चहा कुठे बसून पिता, दुपारी झोपता का, चपला कुठे काढता, औषधं कुठे ठेवता, रात्री शेवटी दिवा कोण बंद करतं. बाबांना हे शाळेतल्या गृहपाठासारखं वाटलं, त्यांनी दोन दिवस भरलंच नाही, मग काकूंनी त्यांचा कागद भरला आणि तो बाबांपेक्षा बरोबर निघाला.

त्या कागदांमधून जे निघालं ते आम्हाला इतकी वर्षं एकत्र राहून दिसलं नव्हतं. सकाळी सहा ते साडेआठ या वेळात आमच्याकडे नऊ माणसांच्या आंघोळी असतात. एकेकाला १२ मिनिटं धरली तर १०८ मिनिटं, म्हणजे एका बाथरूमवर पावणेदोन-दोन तास, आणि पोरांची बस ६.५० ला. मॅडम म्हणाल्या तुमची अडचण बेडरूमची नाहीच, तुमची अडचण या अडीच तासांची आहे. मग त्यांनी आमचा हट्ट मोडला. आम्ही पाच अटॅच्ड मागत होतो, त्यांनी तीन अटॅच्ड दिले आणि प्रत्येक मजल्यावर पॅसेजमधून उघडणारा एक संडास वेगळा, एक बाथरूम वेगळं, आणि बेसिन दोन्हीच्या बाहेर. म्हणजे एकाच वेळी एक जण आत, दुसरा आंघोळीला, तिसरा दात घासतोय. ऐकायला किती साधं आहे, पण आज सकाळी आमच्याकडे कोणी कोणाच्या दारावर थापा मारत नाही. जुन्या घरातला तो आवाज माझ्या डोक्यातून जायला महिना लागला.

भाऊजी मिहानमध्ये (इथला कंपन्यांचा भाग) शिफ्टला असतात, रात्री दोनला घरी येतात. महालात ते आले की कडी, गेट, गाडी, लाइट, सगळं घर जागं. मॅडमनी जिना पश्चिमेला टाकला आणि त्याच्याजवळ बाजूच्या मार्जिनमधून (घराच्या कडेला सोडलेली मोकळी जागा) एक छोटं दार दिलं, भाऊजी गाडी तिथेच लावतात आणि हॉलमध्ये पाय न ठेवता थेट वर जातात. पोरांची खोली वरती, पण आजीच्या डोक्यावर नाही तर किचनच्या डोक्यावर, कारण पोरं शाळेतून दीडला येतात आणि धिंगाणा घालतात तेव्हाच आजीची झोपेची वेळ. हे सगळं त्या कागदांवरून.

आता चुन्याचा दिवस. एप्रिल २०२४, सकाळी सात वाजता त्यांनी घरातल्या सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं, एकही माणूस घरी ठेवायचा नाही म्हणाल्या, आजींनाही आणा. आमच्याकडे काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. मॅडम, त्यांचा असिस्टंट आणि एक मिस्त्री पहाटेपासून दोरी लावून अख्खा तळमजला पूर्ण मापात चुन्याने आखून बसले होते. भिंती पांढऱ्या रेषा, दारांच्या जागी रेष सोडलेली, पलंगाच्या जागी जुनी सतरंजी अंथरलेली, ओट्याच्या जागी विटांची रांग. चुना भेगांत उतरायचा तिथे रेष तुटायची, मिस्त्री परत टाकायचा.

आणि मग आम्ही दोन तास त्या घरात राहिलो. खरंच राहिलो. मॅडम म्हणाल्या सकाळचे सहा वाजलेत, चला, ज्याने त्याने आपापलं सुरू करा. पोरं पलंगावरून उठून बेसिनकडे, मी आणि काकू ओट्याजवळ, बाबा पेपर घेऊन हॉलमध्ये, आई देवघराकडे. पाचच मिनिटांत कळलं की आई देवघरातून फुलं घेऊन बाहेर येताना प्रत्येक वेळी माझ्या आणि फ्रिजच्या मधून जातायत. कागदावर हे तीन महिने कोणाला दिसलं नव्हतं. मिस्त्रीने पायाने रेष पुसली आणि देवघराचं तोंड फिरवलं.

मग आजी. वॉकर घेऊन त्यांच्या खोलीच्या "दारातून" आत गेल्या, वॉकर फिरवायला गेल्या तर मागचा पाय रेषेच्या बाहेर. मॅडम लगेच खाली बसल्या आणि टेप लावली. उद्या व्हीलचेअर लागली तर पूर्ण वळायला पाच फुटांची मोकळी जागा पाहिजे आणि दार कमीत कमी तीन फूट, तिथे अडीच फुटांचं नेहमीचं बाथरूमचं दार चालणार नाही, आणि ते दार आतल्या बाजूने उघडायचं नाही, कारण आत कोणी पडलं तर माणूसच दाराला अडतो आणि बाहेरून ढकलता येत नाही. हे वाक्य ऐकून आम्ही सगळे गप्प झालो, कारण काकूंच्या आई तशाच पडल्या होत्या आणि दार तोडावं लागलं होतं. खोली एक फुटाने वाढली, हॉल एक फुटाने कमी झाला, कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी आजी सतरंजीवर टेकल्या, मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, मले इथून फाटक दिसते. आता खाट इथंच टाका, हलवू नका." खाट आज तिथेच आहे.

प्लिंथ, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीची उंची, दोन फुटांची, त्यामुळे उतार १ ला १२ धरला तर रॅम्प २४ फूट लांब होतो, बाबा म्हणाले एवढी जागा कोण देते, दहा फुटात बसवा. मॅडमनी मिस्त्रीकडून तिथेच दहा फुटांचा उतार फळीवर करून दाखवला आणि बाबांनाच रिकामी व्हीलचेअर ढकलायला लावली (भाड्याची आणली होती त्यांनी). तिसऱ्या मिनिटाला बाबा म्हणाले २४ करा. तो पोर्चच्या कडेने वळवून बसवलाय. आता गॅसचं सिलिंडर, गव्हाची पोती, पोरांच्या सायकली, सगळं त्यावरूनच जातं.

उन्हाबद्दल त्यांना जे कळतं ते मला खूप महत्त्वाचं वाटलं, कारण वेबसाइटवाल्याला नागपूर काय आणि बंगलोर काय. त्यांनी समजावलं की २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी तो जरा उत्तरेकडूनच जातो. म्हणजे भर उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत तितकी तापत नाही जितकं आपण समजतो, तापतो तो स्लॅब आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून छान ऊन येतं. म्हणून पश्चिमेला त्यांनी जिना, बाथरूमं आणि भिंतीतली कपाटं टाकली, माणसं झोपतात ती भिंत पश्चिमेला येऊच दिली नाही. बाबांना वास्तू पाहिजे होतं, किचन आग्नेयेला, देवघर ईशान्येला, ते दोन्ही सांभाळलं आणि जिना पश्चिमेला चालतो म्हणून बाबाही खूश. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सचे तुकडे बसवलेली फरशी. २०२५च्या मे महिन्यात वरच्या मजल्यावर दुपारी चारला मी स्वतः भिंतीला हात लावून पाहिला, जिन्याची भिंत तव्यासारखी आणि आतल्या खोलीची भिंत साधारण कोमट.

कूलरचं तर त्यांनी नकाशातच चिन्ह करून ठेवलंय. प्रत्येक खोलीत कूलरची खिडकी ठरलेली, बाहेर स्टँडला आधार, बाजूला पाण्याचा नळ आणि पाणी सोडायला पाइप, आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी किंवा वर झरोका, कारण हवेला बाहेर जायला वाट नसली की कूलर नुसता दमटपणा करतो आणि अंग चिकट होतं. बारा माणसांच्या घरात सहा कूलर. रोज बादल्या वाहणं बंद झालं. पाण्याचा हिशेबही केला होता, माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे आमचे १,६२० लिटर आणि उन्हाळ्यात कूलरचं वरून, त्याप्रमाणे संप (जमिनीखालची टाकी) आणि वरची टाकी.

किचनबद्दल मी सगळ्यात जास्त भांडले आणि सगळ्यात जास्त समाधानी पण तिथेच आहे. काकूंची उंची चार फूट दहा इंच, माझी पाच-पाच. इतकी वर्षं एकाच ओट्यावर मी वाकून आणि काकू टाचा उंच करून सैपाक करत होतो. मॅडमनी दोन ओटे समोरासमोर दिले, एक ३० इंच उंच, एक ३३, आणि मधे चार फूट. तीन फूट ठेवले असते तर एक वाकली की दुसरीला जाता येत नाही, हे पण चुन्यावरच कळलं. काकूंचा ओटा पूर्वेच्या खिडकीशी आहे, त्यांना रस्ता दिसतो, भाजीवाला आला की तिथूनच सांबार (कोथिंबीर) आणि वांग्यांचा भाव करतात. मागे यूटिलिटीत जमिनीवरची मोरी, खाली नळ, कारण मोठी पातेली सिंकमध्ये घासता येत नाहीत. आजकाल कोणी मोरी देत नाही, मागितली तर डिझायनर लोक तोंड वाकडं करतात. यांनी उलट स्वतः विचारलं, तुमच्याकडे महालक्ष्म्या बसतात का?

बसतात. तीन दिवस, तीस-पस्तीस माणसं जेवायला, नणंदा त्यांच्या पोरांसकट मुक्कामाला. त्यासाठी हॉल आणि डायनिंगच्या मधे भिंत न घालता आठ फुटांचं सरकतं दार दिलं, एका बाजूला मखराची जागा सोडून तिथे प्लग पॉइंट आणि वर हुक आधीच ठेवले. गेल्या भाद्रपदात पहिल्यांदा नव्या घरात महालक्ष्म्या बसल्या, दार पूर्ण उघडलं, एका पंगतीला अठरा पानं बसली, वाढायला मधून आरामात जाता आलं. पुरणाचं पातेलं मोरीत घासताना माझी जाऊ म्हणाली, वहिनी, पाठ दुखून नाही राहिली यंदा.

अजून एक गोष्ट जी मी सगळ्यांना सांगते. दोन्ही मजल्यांवर बरोबर एकावर एक पाच बाय पाचची एक कोठी आहे. आता तिथे वर्षाचा गहू, तूरडाळ, लोणच्याच्या बरण्या, वरती गाद्या आणि पापड-कुरडयांचे डबे. पण मधल्या स्लॅबमध्ये तेवढ्या भागाला चारही बाजूंनी बीम देऊन तो तुकडा असा ठेवलाय की पुढे काका-काकूंना जिना जमेना झाला तर तो तोडून घरगुती लिफ्ट बसवता येईल. काका आत्ता ६१ चे आहेत, टणटणीत आहेत, त्यांनी हसून सोडून दिलं. पण मला रात्री झोप लागते ती अशा गोष्टींमुळे.

आता एक मार्क का कापला. पहिलं, वेळ. सहा आठवडे सांगितले होते, पक्का नकाशा हातात यायला साडेतीन महिने लागले, आणि इलेक्ट्रिकची ड्रॉइंग तर भिंती उभ्या राहिल्यावर आली, तीन ठिकाणी भिंत फोडून पाइप टाकावे लागले, तो खर्च आमचाच. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, ते मी समजू शकते, पण स्लॅबच्या आदल्या दिवशी तरी उचलायला पाहिजे होता. दुसरं, वरचा मजला. चुना फक्त तळमजल्याचा टाकला, वरचा कागदावरच पास केला आणि चुका सगळ्या तिथेच झाल्या. पोरांच्या खोलीची खिडकी बाल्कनीत उघडते, बाल्कनी चार फुटांची, त्यातले अडीच फूट कूलरने खाल्ले, आता बाल्कनीत कपडे वाळत घालायला आडवं होऊन जावं लागतं. नकाशात तिथे कूलरचं चिन्ह होतं, पण तो उभा राहिल्यावर माणूस कुठून जाईल हे कोणी चालून पाहिलं नव्हतं. वरचा पॅसेज पण अंधारा, दिवसा लाइट लावावा लागतो, जिन्यावर एक झरोका आणखी दिला असता तर झालं असतं. मी त्यांना हे सांगितलं, त्यांनी मान्य केलं, सारवासारव केली नाही, आणि म्हणाल्या की आता पुढच्या घरांना त्याच जमिनीवर दुसऱ्या रंगाने वरचा मजलाही आखून दाखवतील. आमच्या बाल्कनीला त्याचा उपयोग नाही, पण ऐकून बरं वाटलं.

फी आम्हाला चौरस फुटाला ४० रुपये पडली, दोन्ही मजले मिळून साधारण २,७०० चौरस फूट, म्हणजे एक लाख आठ हजार. साइट व्हिजिटचे पैसे वेगळे, मंजुरीच्या फाइलचं काम वेगळं, हे आधीच लिहून घ्या, आम्ही तोंडी ठेवलं आणि मधे थोडी कुरबुर झाली. नात्यातले लोक म्हणाले एवढे पैसे नुसत्या कागदाला? तयार नकाशा सहा हजारात मिळाला होता, तो अजून कपाटात आहे. पण देवघराचं तोंड, आजीचं दार, रॅम्प आणि ओट्यांमधलं अंतर, या चार गोष्टी नंतर तोडून करायच्या म्हटल्या असत्या तर किती गेले असते ते मिस्त्रीला विचारा.

जाणार असाल तर घरातल्या प्रत्येक पलंगाचं, कपाटाचं, कोठीचं, शिलाई मशीनचं माप घेऊन जा, आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान पोराला नक्की न्या. घाई असेल, दोन महिन्यांत पाया खोदायचा असेल तर यांच्याकडे जाऊ नका, तुमचं आणि त्यांचं जमणार नाही. आणि वरच्या मजल्याचा चुना मागून घ्या, त्या विसरल्या तर तुम्ही आठवण करा.

आम्ही २०२५च्या पाडव्याला राहायला आलो. उरलेलं अर्धं पोतं चुना अजून जिन्याखाली पडलंय. बेलतरोडीला माझ्या भावाचा प्लॉट आहे, दिवाळीनंतर तो काम काढतोय, तेव्हा ते त्यालाच देणार आहे.